आत्याची कॅसेट आणि उसाचा दुसरा हप्ता

आमच्या आत्यानं नव्वदच्या दशकात भक्तिगीतांच्या एका कॅसेटसाठी चार गाणी म्हटली होती. कंपनीनं पाचशे रुपये आणि एक साडी दिली, कागदावर सही घेतली. कव्हरवर तिचं नाव ‘व इतर’मध्ये गेलं. परवा चुलतभावानं त्यातलंच एक गाणं मोबाइलवर लावलं. खाली व्ह्यूजचा आकडा लाखांत. आत्या म्हणाली, “काम केलं, पैसे मिळाले. आता त्याचं काय?”

ह्याच ‘आता त्याचं काय’वरून 1960च्या दशकाच्या सुरुवातीला दोन फार मोठे गायक भांडले होते. त्यातल्या एकीचं बालपण आमच्या सांगलीत गेलं.

लता मंगेशकरांचं म्हणणं साधं होतं. रेकॉर्ड विकली जाते तशी कंपनीकडून निर्मात्याला रॉयल्टी मिळत राहते. त्यातला वाटा गायकालाही मिळावा. मोहम्मद रफींना ते पटलं नाही. ठरलेलं मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला, असं ते मानत. वाद इतका चिघळला की दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी युगुलगीतं सुमन कल्याणपूर यांच्याकडे गेली. 1967च्या सुमारास समेट झाला. पण आधी कोण नमलं, यावर दोन्ही घरांच्या आठवणी आजही जुळत नाहीत.

सांगलीकराला हा वाद चटकन कळतो. हळदीचा सौदा झाला, पट्टी हातात पडली की माल व्यापाऱ्याचा. पुढं भाव दुप्पट झाला तरी शेतकरी मागायला जात नाही. उसाचं तसं नसतं. पहिली उचल मिळाली तरी साखरेचा भाव बघून दुसऱ्या हप्त्यासाठी आंदोलन होतं. रफींच्या लेखी गाणं हळद होतं, लतांच्या लेखी ऊस.

रफींना भाबडं ठरवणं सोपं आहे. पण सिनेमा पडला तर निर्माता बुडतो, गायकाला मिळालेले पैसे परत द्यावे लागत नाहीत. हे लतांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील दीनानाथ नाटक कंपनीचे मालक. सांगलीत ते सिनेमाच्या धंद्यात उतरले आणि कर्जात बुडाले. 1942 साली ते गेले, तेव्हा लता बारा वर्षांच्या होत्या. निर्मात्याचं बुडणं त्यांनी घरातच पाहिलं होतं. तरीही त्या वाटा मागत राहिल्या. 1949 साली ‘महल’मधल्या त्यांच्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ज्याचं नावच नाही, त्याचा वाटा कुठून येणार?

जगात इतरत्रही हेच घडत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा यांनी 1939 साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीसाठी ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं. पुढं त्याचे हक्क दहा शिलिंगांत लिहून दिले. अमेरिकेत त्या गाण्यानं नव्या नावानं अफाट कमाई केली. डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्येही ते आलं. लिंडा 1962 साली गरिबीत वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत जातात, अशी 1911च्या ब्रिटिश कायद्यात तरतूद होती. तिच्या आधारे त्यांच्या मुली लढल्या आणि 2006 साली तडजोड झाली. वडिलांनी सही केली होती, तरीही.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा 2012 साली बदलला. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कंपनीला सरसकट लिहून देता येणार नाही, अशी सोय झाली. गाण्याचा व्यावसायिक वापर झाला, तर गायकालाही रॉयल्टी मिळेल, हेही कायद्यात आलं. लतांची मागणी कागदावर यायला पन्नास वर्षं लागली.

आत्याच्या जुन्या कराराला यातलं काय लागू होईल, ते वकीलच सांगेल. मी तिला एवढंच विचारलं, “तो सहीचा कागद आहे का गं?”

“असंल कुठंतरी,” म्हणत ती ट्रंक उघडायला उठली.