राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाला मात्र १,५३८ अंश लागतात, हे आपण वर्गात सांगतो. या फरकामुळे इतिहासात काय घडले, ते पाहू.

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच संध्याकाळी जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा सोनेरी मुलाम्याचा, शिशाचा पुतळा खाली ओढला. लढण्यासाठी शिसे हवेच होते. पुतळ्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्डला, ऑलिव्हर वोल्कॉट यांच्याकडे पोचले. शिशाला मोठी भट्टी लागत नाही. चुलीचा विस्तव, लोखंडी पळी आणि साचा पुरतो. घरच्या-शेजारच्या बायकामुलांनी ४२,०८८ काडतुसे तयार केली. वोल्कॉट यांनी हिशेबही ठेवला. त्यात मुलगी मेरी अ‍ॅनच्या नावे १०,७९० आहेत, तर आठ-नऊ वर्षांच्या फ्रेडरिकच्या नावे ९३६.

या सोयीतच धोका आहे. वितळलेल्या शिशावर ऑक्साइडची साय धरते. तिची धूळ हाताला लागून पोटात जाते आणि मुलांच्या मेंदूला अपाय करते. रूप बदलले तरी शिसे शिसेच राहते, मग ते पुतळ्यात असो, गोळीत असो की रक्तात. द्रवणांकाचा तक्ता शिकवताना ही बाजूही आपण सांगायला हवी.