सेकंडहँड अँड्रॉइड फोन घेतलाय? ‘रूट कर, अपडेट मिळेल’ या सल्ल्यात नेमकी गडबड कुठे आहे?

"ताई, फोन भारी आहे, पण पैसेच जात नाहीयेत."

दिवाळीनंतर मामेभावाचा फोन आला. त्याने एका दुकानातून साडेसहा हजारांना वापरलेला अँड्रॉइड फोन घेतला होता. कॅमेरा ठीक, बॅटरी ठीक, व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टा चालू. फक्त बँकेचं अ‍ॅप उघडलं की फोन सुरक्षित नसल्याचा मेसेज यायचा आणि अ‍ॅप बंद व्हायचं. दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअर मारून देतो, तीनशे होतील." मित्र म्हणाला, "रूट कर, नवीन अँड्रॉइड येईल."

गंमत म्हणजे तो फोन आधीच कुणीतरी रूट केलेला होता. बँकेचं अ‍ॅप अडत होतं ते त्यामुळेच.

रूट म्हणजे नक्की काय?

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. फोन विकत घेतला तरी हे अधिकार आपल्याला मिळत नाहीत. आपण आपल्याच फोनमध्ये भाडेकरूसारखे राहतो: सामान लावा, पडदे बदला, पण भिंत पाडायची नाही. रूट केलं की भिंत पाडायची परवानगी मिळते. कंपनीने भरलेली नको असलेली अ‍ॅप्स मुळासकट काढता येतात, पूर्ण बॅकअप घेता येतो, जाहिराती फोनभर बंद करता येतात. पण हीच परवानगी चुकून एखाद्या भामट्या अ‍ॅपला मिळाली तर तेही भिंत पाडू शकतं.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे कंपनीची सही नसलेलं सॉफ्टवेअरही फोनला चालू द्यायला लावणं. कस्टम रॉम टाकणं म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडच्या जागी दुसऱ्या कुणी बनवलेलं अँड्रॉइड बसवणं. आणि रूट म्हणजे सध्या जे अँड्रॉइड आहे त्याच्यावर पूर्ण ताबा मिळवणं.

नवीन अँड्रॉइड मिळतं ते दुसऱ्या गोष्टीमुळे. रूटमुळे अपडेट मिळत नाही. उलट, कंपनीकडून येणारं अपडेट रूट केलेल्या फोनवर बरेचदा अडकतं, कारण बसण्याआधी ते मूळ फाइल्स जशाच्या तशा आहेत का हे तपासतं. म्हणजे मित्राने दिलेला सल्ला नुसता अर्धवट नव्हता, उलटा होता.

पैसे देण्याआधी दुकानातच बघा

जुना फोन घेताना आपण स्क्रीनवरचे ओरखडे बघतो, पण आधी बघायला हवं ते फोन चालू होताना. बंद करून पुन्हा सुरू करायला लावा. बूटलोडर अनलॉक असेल तर बहुतेक फोन सुरुवातीलाच इशारा दाखवतात. शाओमीच्या अनेक फोनवर उघड्या कुलपाचं चिन्ह दिसतं. मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा. तिथे प्ले प्रोटेक्टखाली डिव्हाइस ‘सर्टिफाइड’ आहे की नाही ते लिहिलेलं असतं. सर्टिफाइड नसेल तर तो फोन यूपीआयसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

डायलरवर *#06# दाबा, आयएमईआय क्रमांक दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग एसएमएसमध्ये के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि पुढे 15 अंकी आयएमईआय लिहून 14422 वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हा क्रमांक दुसऱ्याच मॉडेलचा आहे का, हे उत्तरात कळतं. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वरही हीच सोय आहे. "आयएमईआय बदलून देतो" म्हणणारा भेटला तर तिथून निघा. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार या छेडछाडीला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि रीसेट तुमच्यासमोर करायला लावा. त्याआधी विकणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचं गूगल खातं काढायला हवं. 2015 मध्ये अँड्रॉइड 5.1 सोबत ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’ आलं. बाहेरून रीसेट मारलं तर फोन जुन्याच मालकाचं खातं मागत बसतो. शाओमीच्या फोनमध्ये मी अकाउंटचंही तेच.

आधी सरळ रस्ता

फोन घरी आला की पहिलं काम साधं आहे: सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन, आणि तिथली ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख. अँड्रॉइडचा आकडा 12 की 13 यापेक्षा ही तारीख महत्त्वाची. नंतर सिस्टीम अपडेट तपासा. एक झालं की पुन्हा तपासा, कारण अनेक दिवस बंद पडलेल्या फोनवर अपडेट्स एकामागोमाग येतात. अँड्रॉइड 10 पासून ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ वेगळं मिळतं, तेही बघा. कंपनीचा पाठिंबा अजून चालू असेल तर रूटचा विषय इथेच सोडून द्या. पिक्सेल 8 आणि गॅलेक्सी एस24 यांना तर कंपन्यांनी 7 वर्षं अपडेट्सचा शब्द दिलाय.

कंपनीने हात वर केले असतील तर?

तिथे कस्टम रॉमला खरा अर्थ आहे. पोको एफ1 चं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2018 मध्ये भारतात 20,999 रुपयांपासून आलेला, स्नॅपड्रॅगन 845 वाला फोन. कंपनीने त्याला अँड्रॉइड 10 वर सोडून दिलं. हार्डवेअर मात्र दमदार होतं. ‘लिनिएजओएस’ या मुक्त प्रकल्पाने त्याला अँड्रॉइड 13 सुद्धा दिलं. हा प्रकल्प 2016 च्या शेवटी बंद पडलेल्या सायनोजेनमॉडमधून उभा राहिला. महत्त्वाचं म्हणजे लिनिएजओएस सोबत रूट देत नाही. फोन अपडेट झाला, रूट न करता.

पण सगळ्याच फोनचं नशीब असं नसतं. पिक्सेल आणि वनप्लसचे बरेच फोन सहज अनलॉक होतात. शाओमीत खातं जोडून थांबावं लागतं. अनेकांच्या नशिबी 168 तासांची वाट आलेली आहे आणि अलीकडे नियम अजून कडक झालेत. हुआवेने 2018 मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनमध्ये तर परक्या सॉफ्टवेअरची नोंद हार्डवेअरमध्येच कायमची होते. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या गोष्टी परत येत नाहीत. विकत घेण्याआधी या गोष्टी शोधल्या तर नंतरची चिडचिड वाचते.

बूटलोडर अनलॉक केल्यावर काय जातं हेही समजून घ्या. सगळा डेटा पुसला जातो. ही सोय सुरक्षेसाठीच आहे, नाहीतर चोराने फोन अनलॉक करून तुमचे फोटो बघितले असते. त्यानंतर गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणी अडते, म्हणजे रूट नसलं तरी काही बँकांची अ‍ॅप्स नकार देतात. अनेक फोनवर ओटीटीचे व्हिडिओ कमी दर्जाचे दिसू लागतात.

रूट लपवणारी मॉड्यूल्स मिळतात. काही महिने चालतात, मग तपासणी बदलते, मग नवीन मॉड्यूल, असा खेळ सुरू राहतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या फोनवर पगाराचं खातं आहे, त्यावर हा खेळ नको. लपवल्याने बँकेचा इशारा जातो, धोका तिथेच राहतो.

करायचंच ठरवलं असेल तर

‘एका क्लिकमध्ये रूट’ करणाऱ्या अ‍ॅप्सपासून लांब राहा. ती अँड्रॉइडमधल्या एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन आत घुसतात, आणि तीच त्रुटी चोरांनाही दिसते. 2016 मध्ये लिनक्समधली ‘डर्टी काऊ’ नावाची त्रुटी उघड झाली. पुढच्या वर्षी ‘झेडएनआययू’ नावाच्या मालवेअरने तीच वापरून लोकांचे फोन गुपचूप रूट केले. बाधित फोन जास्त करून चीन आणि भारतातले होते.

आज प्रचलित पद्धत मॅजिस्कची. तुमच्या फोनवर आत्ता जे व्हर्जन आहे, अगदी त्याच बिल्ड क्रमांकाच्या अधिकृत फर्मवेअरमधून ‘बूट इमेज’ ही फाइल काढायची, मॅजिस्कमध्ये ती पॅच करायची आणि फास्टबूटमधून फोनमध्ये टाकायची. अँड्रॉइड 13 सोबत बाजारात आलेल्या अनेक फोनमध्ये तिच्याऐवजी ‘इनिट बूट’ लागते. सिस्टीमच्या फाइल्सना हात लागत नाही, म्हणून मूळ बूट इमेज परत टाकली की रूट निघून जातं. ती मूळ फाइल लॅपटॉपवर जपून ठेवा. दुसऱ्याने पॅच केलेली, टेलिग्रामवर मिळालेली बूट इमेज कधीच टाकू नका. त्याने आत काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही.

सर्वात जास्त फोन मरतात ते मॉडेलच्या घोळात. दुकानातल्या नावावर जाऊ नका, कोडनेम बघा. एकाच नावाने विकले जाणारे दोन फोन आतून वेगळे असू शकतात. बॅटरी निम्म्याहून जास्त चार्ज हवी, केबल धड हवी, आणि घरी लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या. फोटो आणि चॅट दुसरीकडे काढून ठेवा. शक्य असेल तिथे ‘ईएफएस’ आणि ‘पर्सिस्ट’ या विभागांचाही बॅकअप घ्या. ते बिघडले तर आयएमईआय गायब होतो, आणि सिम असूनही नेटवर्क येत नाही. कस्टम रॉमवर गूगलची अ‍ॅप्स हवी असतील तर ती रॉमनंतर लगेच, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी टाकावी लागतात. हे विसरल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे कितीतरी आहेत. मीही त्यांत होते.

मागे जायचा रस्ता प्रत्येक वेळी नसतो

"नाही जमलं तर जुनं व्हर्जन टाकू" हा विचार 2018 मध्ये भारतातल्या बऱ्याच रेडमी नोट 5 प्रो वाल्यांना महागात पडला. शाओमीने अपडेटमधून ‘अँटी-रोलबॅक’ आणलं. प्रत्येक फर्मवेअरला एक आकडा असतो. फोनमधल्या आकड्यापेक्षा लहान आकड्याचं फर्मवेअर टाकलं की फोन पुन्हा सुरूच होत नाही. यालाच ब्रिक होणं म्हणतात, शब्दशः वीट. पिक्सेल 6 मालिकेतही ऑगस्ट 2022 च्या अँड्रॉइड 13 अपडेटनंतर अँड्रॉइड 12 कडे परतीचा रस्ता बंद झाला. म्हणून जुनं फर्मवेअर टाकण्याआधी आपल्या मॉडेलचा अँटी-रोलबॅक आकडा तपासायचाच.

रूट असताना अपडेट आलं तर ते थेट दाबू नका. दोन स्लॉट असलेल्या फोनवर मॅजिस्कमधून आधी मूळ इमेज परत आणायची, रीस्टार्ट न करता अपडेट बसवायचं, आणि मग मॅजिस्कला ‘इनॅक्टिव्ह स्लॉट’मध्ये टाकायला सांगायचं. एकच स्लॉट असेल तर मूळ बूट इमेज टाकून अपडेट करा आणि नव्या व्हर्जनची बूट इमेज नव्याने पॅच करा. जुनी पॅच केलेली फाइल नव्या व्हर्जनवर टाकली तर फोन लोगोवरच गोल गोल फिरत राहू शकतो.

आणि एक चूक भले भले करतात. बूटलोडर पुन्हा लॉक करण्याआधी फोनवर पूर्णपणे मूळ, त्याच मॉडेलचं, त्याच प्रदेशाचं सॉफ्टवेअर हवं. बदललेल्या सॉफ्टवेअरवर लॉक मारलं तर फोन स्वतःलाच ओळखत नाही. चीनसाठी बनलेल्या शाओमी फोनवर ग्लोबल रॉम टाकून विकलेले नग जुन्या बाजारात दिसतात. असा फोन लॉक केला की तो स्क्रीनवर सांगतो, हे व्हर्जन या फोनवर चालणार नाही.

मामेभावाच्या फोनचं शेवटी काय झालं? आम्ही मॉडेलचं कोडनेम शोधलं, अँटी-रोलबॅकचा आकडा बघितला, अधिकृत फर्मवेअर पूर्ण टाकलं, फोन नीट सुरू होतोय याची खात्री केली आणि मगच बूटलोडर लॉक केला. सगळा रविवार गेला. प्ले स्टोअरमध्ये ‘सर्टिफाइड’ दिसलं, बँकेचं अ‍ॅप उघडलं. सिक्युरिटी पॅचची तारीख मात्र तीन वर्षं जुनीच आहे, कारण कंपनीने त्या मॉडेलला पुढे काही दिलेलंच नाही. म्हणून त्याने यूपीआयला पगाराचं खातं जोडलेलं नाही. दुसरं एक खातं उघडलंय, त्यात दर आठवड्याला हजार-दीड हजार टाकतो आणि तेवढ्यावरच चहा-रिक्षा चालते.