लाकडी बैलाचा खांदा

चपला काढून ठेवा. साल 1978, काल पोळा झाला, आज तान्हा पोळा आहे, आणि नागपूरच्या महालातल्या एका गल्लीत तुम्ही नऊ वर्षांचे आहात.

सकाळी तुम्ही मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलात. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी भेटल्या, सोबतच्या बडग्यांच्या पुतळ्यांवर गर्दी पोटभर हसली, रोगराई शहराबाहेर गेली म्हणे. तुमचं लक्ष तिकडे नव्हतंच. घरी दिवाणाखाली बैल उभा आहे.

वीतभर उंच, सागवानी, आजोबांच्या वेळचा. एक शिंग गेल्या वर्षी जिन्यावरून पडून गेलं. चाकं मुळात नव्हतीच, तर आईच्या शिवणमशीनच्या दोन रिकाम्या लाकडी रिळा सायकलच्या तारेत ओवून पायांखाली बांधल्यात. झूल ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची. उरल्या शिंगाला चंदेरी कागद, सिगारेटच्या पाकिटातला. पाकीट कुठून आलं ते विचारायचं नसतं.

परवा खांदशेकणी झाली. गावी काका बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, तशी तुम्हीही या लाकडाला चोळलीत, पळसाच्याच पानानं. या खांद्यावर कधी जू पडलेलं नाही. तरी चोळलीत. बोट लावून बघा, अजून चिकट लागेल.

चार वाजता देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण लागतं. कोणाचा बैल मालकापेक्षा उंच, कोणाचा मातीचा, पावसाच्या भीतीनं छत्रीखाली आणलेला.

"काहून बे, तुया बैलाले एकच शिंग?"

"मारका आहे थो. झुंजीत मोडलं."

एवढं उत्तर पुरतं. विचारणारा दोन पावलं मागे सरकतो.

पोरांचा हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असं नागपुरात सांगतात. त्यांची फौज 1803 साली अडगावला इंग्रजांपुढे हरली. ती लढाई या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. पोळा मात्र एकही पोरगं चुकवत नाही. राजाला याहून चांगलं स्मारक मिळालं नसतं, असं माझं मत.

तोरण तुटतं, पोळा फुटतो. आता घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायचा. पहिलंच दार त्या मावशींचं, अंगणात कंचा आला की खेकसणाऱ्या. आज त्या पदर सावरून उकिडव्या बसतात. लाकडाच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, पुरणाचा घास तोंडापाशी धरतात.

"थकला काय रे बाप्पा?" हे बैलाला.

भातुकलीतला खोटा चहा मोठी माणसं हसत हसत पितात. इथे मावशी हसत नाहीत. उत्तराची वाट बघतात. तेव्हा बैलाच्या वतीनं मान हलवा.

दिवेलागणीला ओट्यावर बोजारा मोजा. पाच पैशांची चौकोनी सहा, दहाची नागमोडी कडेची चार, आणि कमळ असलेलं पितळी विसाचं एक. नव्वद पैसे.

बैल परत दिवाणाखाली. खांद्यावरची हळद मात्र पुसू नका, पुढच्या वर्षी तिच्यावरच चोळायची आहे.