काचेच्या दाराची किंमत : लोणारपासून सटाण्यापर्यंत

सटाण्यात अलीकडे जी नवी घरं उभी राहिली, त्यांतल्या बऱ्याच घरांत ओसरी गेली आणि तिच्या जागी काचेचं सरकतं दार आलं. डाळिंबाचं किंवा कांद्याचं वर्ष बरं गेलं की बंगल्याचा नकाशा निघतो आणि नकाशात बारा फुटांची काच असते. मग दुकानदाराच्या दराचा कागद हातात पडतो आणि घरमालक विचारतो, "सर, काच म्हणजे शेवटी वाळूच ना? मग एवढे पैसे कशाचे?" मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, दारं विकत नाही. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात आहे, म्हणून लिहितो.

काच वाळूचीच, हे खरं. पण नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तिच्यात खार मिसळला की ती बरीच कमी उष्णतेवर वितळते. म्हणून काचेच्या किमतीत पहिल्यापासून वाळूपेक्षा खार आणि इंधन यांचा वाटा मोठा. पश्चिम आशियातले कारागीर खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख वापरत. त्या राखेला अरबीत 'अल्-क़ली' म्हणत आणि त्यातूनच विज्ञानाच्या पुस्तकातला 'अल्कली' हा शब्द आला.

हा खार आपल्या महाराष्ट्रातही होता. अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. काच आणि साबण यांना लागणारं सगळं सामान तिथे मिळतं, असं तो सांगतो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दरबारी लेखकाला बुलढाण्याकडच्या त्या तळ्याचं मोल कळलं होतं. लोणारचा खार पुढेही बांगड्यांच्या भट्ट्यांना जात राहिला.

फुटलेल्या काचेलाही किंमत होती, कारण ती नव्या मिश्रणात घातली की इंधन वाचतं. १२७७ साली व्हेनिस आणि अँटिओकचा राजपुत्र यांच्यात करार झाला. लेबनॉनच्या त्रिपोली बंदरातून जाणाऱ्या काचेच्या तुकड्यांवर जकात किती, हेसुद्धा त्यात ठरलेलं आहे. त्याच काळात दमास्कस आणि हलब इथल्या काचकामाचं नाव सर्वदूर होतं. मशिदींत टांगायचे मीनाकारी दिवे तिथे घडत आणि त्यांवर अनेकदा सूरा नूरमधली प्रकाशाची आयत लिहिलेली असे.

दिवा फुंकून घडवता येतो. सपाट आणि मोठा तुकडा करणं ही खरी अडचण होती. फुंकलेला फुगा फिरवून किंवा चिरून पसरवायचा, तर त्याचा आकार माणसाच्या श्वासाइतकाच. म्हणून खिडकीची काच श्रीमंतांपुरती राहिली. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत चौकोनी कापलेले शिंपले दिसतात. ऊन आत येई, डोळे दिपत नसत आणि माल जवळच्या पाण्यातला.

सरकारी कराचंही ओझं होतंच. इंग्लंडमध्ये १७४५ पासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ साली उठला आणि सहाच वर्षांनी लंडनमध्ये जवळपास तीन लाख तावदानांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्या इमारतीचं मापच मुळी तयार मिळणाऱ्या काचेच्या मापावर बेतलेलं होतं. ही गोष्ट आजच्या घरमालकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे काचसामान बाहेरून येई. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून पैसा फंड जमवला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना सुरू झाला. तिथली भट्टी उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय उत्तर हिंदुस्थानातले, जपान-अमेरिकेत शिकून आलेले. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना आला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. म्हणजे काचेसाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी एकेक पैसा दिला, तो भट्टीइतकाच काम शिकलेल्या हातांसाठीही होता.

मोठी सपाट काच स्वस्त झाली ती १९५९ नंतर. पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून पसरवण्याची रीत त्या वर्षी जाहीर केली. घासाई-पॉलिश वाचली. पुढे तळोजा आणि अंकलेश्वरलाही असे कारखाने आले.

आता त्या कागदाकडे वळू. बारा फूट रुंद, आठ फूट उंच दार म्हणजे ९६ चौरस फूट, जवळपास नऊ चौरस मीटर. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आठ मिलिमीटर काच घेतली तर नुसती काच १८० किलोच्या घरात जाते, बारा घेतली तर २७०. हे वजन रोज सरकवायचं, म्हणून ॲल्युमिनियमचा सेक्शन जाड आणि चाकं दणकट लागतात. दाराचे पल्ले वाढवले की काच तेवढीच राहते. उभ्या पट्ट्या, चाकं आणि मजुरी मात्र प्रत्येक पल्ल्यामागे वाढतात. दोन रुळांवर दोन पल्ले असले तर अर्धीच वाट मोकळी होते. तीन रुळांवर तीन असले तर दोन तृतीयांश. त्या जास्तीच्या उघड्या जागेचे पैसे आपण देतो. घरात तिची गरज नसेल, तर दोन पल्ल्यांत भागतं.

टफन काचेचा खर्च वेगळा. ती ६०० अंशांच्या वर तापवून झटक्यात थंड करतात. नंतर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप अर्धा इंच चुकलं तर अख्खा पल्ला वाया.

माझा एक जुना विद्यार्थी हेच फिटिंगचं काम करतो. त्याच्या डाव्या तळहातावर लांब व्रण आहे. तो म्हणाला, "सर, लोक पहिल्यांदा टफन काढायला सांगतात आणि मग माझी मजुरी." साधी काच सुऱ्यासारखे तुकडे होऊन फुटते, टफनचे बारीक दाणे होतात. घरात धावणारं लेकरू असेल, तर हा फरक जिवाचा आहे.

घासाघीस करू नये, असं मी म्हणत नाही. माप काचेच्या तयार शीटमध्ये बसेल असं ठेवा, एक पल्ला कमी करा, महागडा रंग सोडा. इथे पैसे खरोखर वाचतात. पण टफन काच, चाकं आणि फिटिंग करणाऱ्याची मजुरी यांना हात लावू नका. लोणारच्या खारापासून तळेगावच्या भट्टीपर्यंत या धंद्यात खार, इंधन आणि यंत्रं बदलत गेली. काच उचलून बसवताना मात्र ती आजही माणसाच्याच हातात असते.