गाण्याची नोंद कोण ठेवतो?

मंडळी, आज थोडं दूरचं सांगतो, पण गोष्ट आपल्याच दारात येऊन थांबणार आहे.

डिसेंबर २०११. इंडोनेशियातल्या बांदा आचे शहरात अनाथ मुलांच्या मदतीसाठी गाण्यांचा कार्यक्रम सुरू होता. पोलीस आले आणि साठहून जास्त पोरापोरींना घेऊन गेले. गुन्हा काय? केस रंगवलेले, कानात बाळ्या, फाटके कपडे आणि पंक संगीत. पोरांची डोकी भादरली, तळ्यात आंघोळ घातली आणि 'सुधारण्यासाठी' दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवलं.

पंक म्हणजे काय? चार पोरं, उधारीची गिटार, मोजून दोन-तीन सूर, आणि जे पेपरात छापून येत नाही ते ओरडून सांगायचं. १९९० च्या दशकात, सुहार्तोची हुकूमशाही असताना, बाली बेटावर अशी टोळकी जमायची. एमा बॉल्च नावाच्या अभ्यासक बाई त्यांच्यात राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि २००७ मध्ये पुस्तक काढलं. त्या पोरांना कोणी उडाणटप्पू म्हणो, त्यांची नोंद झाली.

तुम्ही म्हणाल, भाऊ, याचं गोंदियाला काय?

आहे ना. आपल्याकडे हे काम गिटारीने नाही, ढोलकीने केलं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्याच चळवळीतून पुढे सत्यशोधकी जलसे उभे राहिले. साचा तमाशाचाच, माल मात्र नवा: सावकार, भटशाही, शिक्षण. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला चवदार तळं आणि काळाराम मंदिर या जलशांतून समजलं. भाड्याचं थेटर नाही, कंपनी नाही. कंदील आणि मोकळी जागा, एवढंच.

हे आज आपल्याला माहीत का आहे? कारण कर्डकांनी स्वतःच १९७८ मध्ये आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं. बाहेरच्या अभ्यासकाची वाट पाहत बसले नाहीत.

जिथे असं कोणी लिहीत नाही, तिथे गाण्याची नोंद शेवटी पोलिसांच्या फायलीत होते. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. २ एप्रिल २०१३ रोजी त्याच मंचाची गायिका शीतल साठे विधानभवनासमोर पोलिसांच्या हवाली झाली. आरोप नक्षल संबंधांचा, मंचाने तो नाकारला. त्या दिवशी किती जणांनी विचारलं, की ही पोरगी गाते तरी काय?

आता आपलं बघा. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. खुद्द बाबासाहेब उभे होते आणि हरले. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यातच होता. मतांचे आकडे सापडतात. त्या प्रचारात कोणती गाणी म्हटली, कोणी म्हटली, हे कोणाला विचारायचं?

दोन वर्षांआधी एका म्हाताऱ्या गायकाच्या घरी गेलो होतो. वह्या मागितल्या. म्हातारी म्हणाली, "वाळवीनं खाल्ल्या बाबू."

दिवाळीनंतर मंडई भरेल, रात्री दंडार होईल. १४ एप्रिलला भीमगीतं होतील. मोबाइल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. नाचाची रील काढाच, पण गाणाऱ्याचं नाव, गाव आणि ते गाणं कोणाकडून शिकला, तेही विचारून ठेवा.

आणि घरात जुनी वही असेल, तर आजच फोटो काढा.