गणकयंत्राच्या पोटात तक्ता नसतो

सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, साइन काढायला आम्हाला लॉग टेबलचं पुस्तक उघडावं लागतं. कॅल्क्युलेटर नुसती कळ दाबली की सांगतो. मग त्याच्या पोटात ते अख्खं पुस्तक भरलेलं असतं का?" गणिताचे शिक्षक म्हणाले, "असणारच. नाहीतर उत्तर येईल कुठून?" त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत असताना माझीही हीच समजूत होती. पण ही समजूत चुकीची आहे, आणि खरे उत्तर तक्त्याहून कितीतरी सुंदर आहे. ते समजून घेण्यासाठी अशा प्रकारच्या पहिल्या यंत्राकडे जाऊ.

१९६८ साली ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने एक वैज्ञानिक गणकयंत्र बाजारात आणले होते. ते टेबलावर ठेवायचे, चांगलेच जड असे यंत्र होते. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, बिल ह्युलेट यांनी इंजिनिअरांना सांगितले, की हेच यंत्र माझ्या शर्टाच्या खिशात मावेल असे करा. फेब्रुवारी १९७२ मध्ये ते विक्रीला आले. कळा ३५, म्हणून नाव एचपी-३५. वजन पाव किलोच्या आसपास, लाल रंगात उजळणारे आकडे आणि किंमत ३९५ डॉलर. 'बरोबर' या चिन्हाची कळ त्यावर नव्हतीच; आधी संख्या द्यायच्या आणि मग क्रिया सांगायची. एवढी किंमत असूनही पहिल्या वर्षात सुमारे एक लाख यंत्रे खपली. इंजिनिअरांच्या हातातला स्लाइड रूल पुढच्या काही वर्षांत कपाटात गेला.

आता मूळ प्रश्न. चार अंकी लॉग टेबलमध्ये साइनचा तक्ता पाहा. ९० अंश, आणि प्रत्येक अंशाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग, म्हणजे ९०० नोंदी. एचपी-३५ च्या कायम स्मृतीत साइन, कोसाइन, टॅन, लॉग, वर्गमूळ या सगळ्यांसाठी मिळून फक्त ७६८ आदेश मावत होते. साइनचा एक चार अंकी तक्तासुद्धा तिथे बसला नसता. मग दहा अंकी उत्तरे तक्त्यातून कशी येणार? शिवाय या यंत्राला मुळात बेरीज, वजाबाकी आणि संख्येतले अंक डावी-उजवीकडे सरकवणे एवढेच येत होते. गुणाकारसुद्धा ते पुन्हा पुन्हा बेरीज करूनच करी.

यावरची युक्ती त्याआधीची आहे. कॉन्व्हेअर या विमान कंपनीत जॅक व्होल्डर हे इंजिनिअर बी-५८ या बॉम्बफेकी विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेवर काम करत होते. त्यांनी १९५६ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव कॉर्डिक. एचपी-३५ मध्ये डेव्हिड कॉक्रन यांनी तिचा दशमान अवतार वापरला.

तिचा गाभा असा. मूळबिंदूपासून आडवे अंतर १ आणि उभे अंतर ० असलेला एक बिंदू घ्या. तो हवा त्या कोनातून फिरवला, की उभे अंतर भागिले आडवे अंतर म्हणजे त्या कोनाचा टॅन. पण हा कोन एकदम फिरवायचा नाही. ज्यांचा टॅन १, ०.१, ०.०१, ०.००१ असा आहे, तेवढेच ठरावीक कोन वापरायचे: ४५ अंश, ५.७१०६ अंश, ०.५७२९ अंश, ०.०५७३ अंश. यंत्राने पाठ करायचे ते एवढेच. फिरवण्याचा नियम हा: नव्या आडव्या अंतरासाठी जुन्या आडव्यातून जुन्या उभ्याचा दहावा भाग वजा करा, नव्या उभ्यासाठी जुन्या उभ्यात जुन्या आडव्याचा दहावा भाग मिळवा. दहावा भाग काढणे म्हणजे दशांश चिन्ह एक घर सरकवणे. गुणाकाराची गरजच उरत नाही!

३० अंश घेऊ. त्यातून ४५ जात नाहीत. ५.७१०६ पाच वेळा जातात आणि १.४४७० उरतात. म्हणून बिंदू पाच वेळा फिरवायचा. अंतरांच्या जोड्या (आधी आडवे, मग उभे) अशा येतात: १ व ०.१, ०.९९ व ०.२, ०.९७ व ०.२९९, ०.९४०१ व ०.३९६, ०.९००५ व ०.४९००१. उरलेल्यातून ०.५७२९ दोनदा जातात, त्यासाठी शंभरावा भाग, मग ०.०५७३ पाच वेळा, त्यासाठी हजारावा. एवढ्या बारा फिरवण्यांनंतर अंतरे ०.८८८०६ आणि ०.५१२४२ येतात. त्यांचे गुणोत्तर ०.५७७०. तक्त्यात टॅन ३० अंश ०.५७७४ आहे. आणखी बारीक कोन घेतले की फरक मिटत जातो. प्रत्येक फेरीत बिंदू मूळबिंदूपासून किंचित दूर सरकतो, पण गुणोत्तरावर त्याचा परिणाम होत नाही. टॅन मिळाला की पायथागोरसच्या प्रमेयाने साइन. प्रत्यक्ष यंत्रातला क्रम आणि बारकावे थोडे वेगळे असले, तरी तत्त्व हेच, आणि उत्तर सेकंदाच्या आत.

फिरवण्याचा हा नियम म्हणजे दोन कोनांच्या बेरजेचे सूत्रच. अकरावीत मुले ते घोकतात आणि "याचा उपयोग काय?" असे विचारतात. हे सूत्र आपल्याकडे भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीतल्या ज्योत्पत्ती प्रकरणात ११५० साली दिले. तिथेच एकेका अंशाने पुढे जाण्याची कृतीही आहे: ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करा, कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागा, दोन्ही मिळवा, पुढच्या अंशाची ज्या मिळते. १० भागिले ५७३ म्हणजे ०.०१७४५२०, आणि साइन १ अंश आहे ०.०१७४५२४. ठरावीक छोट्या कोनातून पुन्हा पुन्हा फिरायचे, ही कल्पना दोन्हीकडे सारखी आहे. व्होल्डरांनी ती इथून घेतली असे मात्र मुळीच नाही. भास्कराचार्यांना हाताने तक्ता करायचा होता, म्हणून त्यांनी सोयीचे अपूर्णांक निवडले. व्होल्डरांना तक्ताच नको होता, म्हणून त्यांनी सोयीचे कोन निवडले.

भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. ते कोणते याबद्दल मतभेद आहेत. आपल्या शेजारच्या विजापूरचेही नाव त्यात घेतले जाते. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, हे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. सुरुवातीच्या एचपी-३५ यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून लगेच त्याची उलट क्रिया केली, तर उत्तर २.०२ ऐवजी २ येई. आदेश लिहिताना राहिलेली ती चूक होती. कंपनीने ती मान्य करून यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखवली. यंत्राचे उत्तर कुणीतरी माणसाने ठरवलेल्या रीतीने येते, आणि रीत तपासता येते.

त्या मुलीला मी फळ्यावर वरच्या पाच जोड्या काढून दाखवल्या. सहावी तिनेच काढली: ०.८९५६ आणि ०.४९९०. तुमच्या वर्गातही हे एका तासात होईल. एका मुलाने कोनातून वजाबाकी करायची, दुसऱ्याने बिंदू फिरवायचा, बाकीच्यांनी आकडेमोड तपासायची. शेवटी तक्ता उघडून ताडून पाहायचे. गुणाकार मात्र कुणी करायचा नाही!