न खाल्लेल्या घासाची नोंद

समोर नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थी बसलेत, आणि बोलायला उभा आहे तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. गृहस्थ हॉल चुकले की काय, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. मी एका प्रसंगामुळे तुमच्या विषयाकडे आलो, तोच आधी सांगतो.

माझे थोरले बंधू मधुमेही. काही वर्षांपूर्वी ते एका रुग्णालयात दाखल होते. सकाळी इन्सुलिन दिलं, नाश्त्याचं ताट आलं, आणि तेवढ्यात त्यांना सोनोग्राफीला नेलं. परत आले तेव्हा उपमा गार झालेला. त्यांनी तो खाल्ला नाही, थोड्या वेळाने ताट उचललं गेलं. कागदावर लिहिलेलं होतं, 'मधुमेही आहार दिला'. यात खोटं काहीच नव्हतं. दिला होता! अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, बोलणं असंबद्ध झालं. मला वाटलं, थकले असतील. तुमच्यासारखीच एक शिकाऊ मुलगी जवळ आली आणि तिने विचारलं, "आजोबा, सकाळी खाल्लंत का?" तिने लगेच सिस्टरना बोलावलं, साखर तपासली, ती फार खाली गेली होती. ते अजून गिळू शकत होते म्हणून ग्लुकोजचं पाणी पाजलं, आणि बंधू वाचले.

त्या मुलीने काय पाहिलं? जे घडलं नव्हतं, ते पाहिलं. हा मुद्दा धरून ठेवा आणि माझ्याबरोबर थोडं मागे चला.

नोव्हेंबर १८५४. क्रिमियाच्या युद्धातले जखमी ब्रिटिश सैनिक तुर्कस्थानात स्कुटारीच्या रुग्णालयात पडलेले आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे पोचल्या तेव्हा स्वयंपाकाची तऱ्हा अशी, की मोठमोठ्या हंड्यांत सगळ्यांचं मांस एकत्र उकडायचं. आपला तुकडा ओळखू यावा म्हणून त्याला चिंधी नाहीतर बटण बांधायचं. कुणाचं कच्चं, कुणाचं शिजून चोथा. अतिसाराने खंगलेल्या माणसाने ते खायचं कसं? नाइटिंगेलबाईंनी अशा रुग्णांसाठी वेगळी स्वयंपाकघरं उभी केली. १८५५ मध्ये अलेक्सिस सॉयर हा नामांकित आचारी तिथे आला आणि त्याने मुख्य स्वयंपाकाची घडी बसवली. आता, तिथले मृत्यू कमी झाले ते नुसत्या जेवणामुळे, असं म्हणणं बरोबर नाही. गटारं साफ झाली, हवा खेळू लागली, त्याचा वाटा मोठा. पण आहार हा शुश्रूषेचा भाग आहे, ही जाणीव तिथे पक्की झाली.

पुढे त्यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक लिहिलं. त्यात अन्नावर दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत, एक काय द्यावं यावर आणि दुसरं रुग्ण ते घेतो कसं यावर. त्या काळी 'बीफ टी', म्हणजे मांसाचं पातळ पाणी, फार ताकदीचं समजत. बाई म्हणतात, ते आटवून बघा, तळाशी जेमतेम चमचाभर काहीतरी उरेल. आणि लगेच हेही सांगतात, की नुसत्या रसायनशास्त्राने रुग्णाचा आहार ठरत नाही. त्याचं पोट काय स्वीकारतं, ते शेजारी बसून पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट जावा बेटावरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेरीबेरीने तिथे माणसं लुळी पडत होती. ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर तिचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या आजारी पडल्या आणि काही काळाने आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, सडलेल्या तांदळाचा भात मिळत होता. सडलेला म्हणजे कुजलेला नव्हे बरं का, कोंडा काढलेला. नवा आचारी आला, त्याने तो द्यायचं बंद केलं, कोंबड्या बऱ्या! आइकमान यांना वाटलं, भातात विष असावं आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. १९०१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी ग्राइन्स यांनी उलट विचार मांडला. भातात वाईट काही आहे असं नाही, हवं ते काहीतरी नाही. ते 'काहीतरी' म्हणजे थायमिन, जीवनसत्त्व ब-१. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. आपल्या वैशेषिकांनी पदार्थांच्या यादीत 'अभाव' हा सातवा पदार्थ मोजला. 'जमिनीवर घडा नाही' हेही ज्ञानच आहे, असं ते म्हणतात. विद्यार्थी हसायचे, नसलेल्याचं कसलं ज्ञान? बेरीबेरी हे त्याचं उत्तर. काहीतरी नसण्याने माणूस मरतो.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. आजूबाजूला कापडगिरण्या. त्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय व्हायचा. रक्तपेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी. विल्सबाईंनी या बायका काय खातात ते पाहिलं, उंदरांना आणि माकडांना तसाच आहार देऊन पाहिला. अखेर गुण आला तो यीस्टच्या अर्काने, मार्माइट नावाच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पदार्थाने. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, म्हणून नाव फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. आज आपल्याकडे गरोदर बाईला लोहाच्या गोळीबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मिळतं, त्याच्या मुळाशी परळच्या गिरणी कामगार बायका आहेत.

तुम्ही म्हणाल, सर, आहार ठरवायला आता आहारतज्ज्ञ असतात, आमचं काय काम? आहारतज्ज्ञ ताटात काय जावं ते ठरवतील. ते पोटात गेलं की नाही, हे चोवीस तास रुग्णाजवळ असणारंच माणूस सांगू शकतं. दात नाहीत, कवळी घरी राहिली, हाताला सलाइन आहे, गुरुवारचा उपास आहे, जेवण बेचव लागतं, की भरवायला कुणी नाही? ही कारणं पुस्तकात एका यादीत मावतात, पण खाटेशेजारी विचारल्याशिवाय कळत नाहीत.

उष्मांक, प्रथिनं, कोष्टकं, सगळं पाठ करा. ते लागेलच. पण ताट उचलताना एकदा त्यात पाहा, किती उरलंय ते लिहा, आणि इन्सुलिन दिलेल्या माणसाचं ताट भरलेलं दिसलं तर ते लिहून थांबू नका, लगेच सांगा. माझ्या भावाच्या कागदावर दिलेल्याची नोंद होती, न खाल्लेल्याची नव्हती. ती एका विद्यार्थिनीने केली.

आता प्रश्न विचारा.